उजव्या गालाला काय लावलं?

मानवी चेहरा दिसायला एकच असला, तरी त्याचा कारभार एका खात्याला झेपण्यासारखा नाही, हे आता सर्वमान्य झाले आहे. कपाळाचे प्रश्न वेगळे, नाकाचे वेगळे, हनुवटीचे तर विचारूच नका. पूर्वीची माणसे सकाळी उठून सगळ्या चेहऱ्याला एकदम साबण फासत आणि कामाला लागत. त्यामुळे त्यांना आरशात डोळे, नाक आणि तोंड एवढ्याच गोष्टी दिसत. आता रंध्रे दिसतात.

ही प्रगती विद्यार्थिनींच्या वसतिगृहांत सर्वांत आधी पोचली. ज्या वसतिगृहाची ही हकिकत, तिथे एकशे बारा मुली राहत होत्या. त्यांपैकी एकशे नऊ जणींची त्वचा 'मिश्र' प्रकारची होती. उरलेल्या तिघींना अजून कुणी विचारले नव्हते. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला हे आकडे तोंडपाठ असल्यामुळे त्याने वह्या-पेनांचे कपाट मागे ढकलून पुढे छोट्या पुड्यांच्या माळा टांगल्या होत्या. फेसवॉशच्या, सीरमच्या, मास्कच्या, आणि एका अशा द्रवाच्या, की जो आधी लावायचा की नंतर हे पुडीवर छापायचे राहून गेले होते. (दुकानदाराचे मत: 'मधे लावा.') त्याची स्वतःची त्वचा नितळ होती. तो भांड्यांच्या साबणाने तोंड धुतो अशी वदंता होती, पण पुरावा मिळाला नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत तिघी राहत. पहिली संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय तिला चैन पडत नसे. जिन्याला पायऱ्या किती, टूथपेस्ट पुरली किती दिवस, रेक्टरबाई एका दमात नियम किती सांगतात, सगळे तिच्या वहीत असे. म्हणून तिला मोजपट्टी म्हणत. दुसरी कायदा शिकत होती. तिने खोलीत 'अगं' म्हटले की तळमजल्यावरच्या चौघी 'काय गं' म्हणत, त्यामुळे तिचे नाव माईक. कॉलेजातल्या प्रत्येक कार्यक्रमाचे सूत्रसंचालन तिच्याचकडे असे. तिसरी डॉक्टरीण (शिक्षण: वनस्पतिशास्त्र, पहिले वर्ष).

मोजपट्टी आणि माईक तीन वर्षे त्याच खोलीत होत्या. एकमेकींचे मोजे घालायच्या, एकमेकींच्या आईशी फोनवर बोलायच्या. मोजपट्टीला सख्खी बहीण नव्हती, आणि माईकने ती जागा इतक्या मोठ्या आवाजात भरून काढली होती की तिला बहीण नसल्याचे कधी ध्यानातही आले नाही.

खोलीची आचारसंहिता दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली होती, ती अशी:

एक. पुडी एक, तोंडे तीन.

दोन. फोडलेली पुडी कपड्यांच्या चिमट्याने बंद करून दोरीवर टांगावी. (परिणामी दोरीवर कपडे वाळवायला जागा उरली नव्हती. ते खुर्चीवर वाळत.)

तीन. नळी संपली असे वाटले तरी ती संपलेली नसते. ब्लेडने उभी चिरावी. आत अजून चार दिवस असतात.

चार. झोंबत असेल तर काम करत आहे. झोंबत नसेल तर आणखी लावावे.

चौथे कलम डॉक्टरीणबाईंचे होते, आणि त्यांनी त्याची किंमतही मोजली होती. कोळशाचा म्हणून आणलेला मास्क ओढून काढताना त्यांच्या डाव्या भुवईचा एक तृतीयांश भाग मास्कबरोबर गेला. तात्पुरती सोय म्हणून तो पेन्सिलने काढण्यात आला. मग दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून उजवीही पेन्सिलने काढू लागल्या. पेन्सिल घाईत चालली की डॉक्टरीणबाई दिवसभर आश्चर्यचकित दिसत, आणि लोक त्यांना काय झाले म्हणून विचारत.

अशा सुरळीत चाललेल्या कारभारात शेवटच्या वर्षाचा प्रकल्प आला. मोजपट्टीने विषय घेतला: 'स्वस्त प्रसाधनांचा विद्यार्थिनींच्या त्वचेवर होणारा परिणाम'. तिच्या सरांनी कागद पाहिला, डोळे मिटले आणि विचारले, "तुलना कशाशी?"

मोजपट्टी विचारात पडली. दुसऱ्या कुणाशी तुलना करावी, तर दुसरीची त्वचा वेगळी, झोप वेगळी, काळज्या वेगळ्या. शेवटी तिने स्वतःच्याच चेहऱ्याची फाळणी केली. डाव्या गालाला सगळे लावायचे, उजव्याला काहीही नाही. फक्त नळाचे पाणी, सकाळी आणि संध्याकाळी. दुसऱ्या मजल्यावरच्या बेसिनपाशी सात-सात टप्प्यांत तोंडे धुतली जात असल्याने तिथे कायम रांग असे, म्हणून ती तिसऱ्या मजल्यावरच्या नळावर जाई. (वाचकांनी हा तपशील सोडून दिला तरी चालेल. तिनेही तो त्या वेळी सोडूनच दिला होता.) नाकाच्या शेंड्यावरून सीमारेषा गेली. नाक कुणाचे, हा वाद शेवटपर्यंत मिटला नाही.

प्रयोग सहा आठवडे चालला. डाव्या गालावर एकूण अकरा उत्पादने आली आणि गेली. स्वतंत्र निरीक्षक म्हणून माईकची नेमणूक झाली होती. ती रोज सकाळी हातात टॉर्च घेऊन मुरूम मोजायची, वहीत दोन्ही गालांची नोंद करायची आणि खाली सही ठोकायची. उजव्या गालाच्या रकान्यात 'काही लावलेले नाही, मी पाहिले आहे' असे तिने स्वतःच्या हाताने, तारीख आणि वेळ घालून, बेचाळीस वेळा लिहिले. कायद्याची विद्यार्थिनी होती, कच्चे काम करणार नव्हती. शिवाय उरलेल्या पुड्या वाया जाऊ नयेत म्हणून ती त्या स्वतःच्या दोन्ही गालांना, कपाळाला आणि हनुवटीला लावत होती.

नोंदींचा गोषवारा पुढीलप्रमाणे:

पहिला आठवडा. डावा गाल: दोन मुरूम, किंचित तजेला (खोलीतला बल्ब बदलला होता). उजवा: शून्य.

तिसरा आठवडा. डावा: नऊ. त्यांपैकी एक स्वतंत्र बुद्धीचा. उजवा: शून्य.

पाचवा आठवडा. डावा: तजेला गेला, चकाकी आली. ती पुसली जात नाही. उजवा: शून्य.

सहावा आठवडा. डावा: मोजणी थांबवली, कारण एक कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो ते कळत नाही. उजवा: शून्य.

मोजपट्टीच्या दृष्टीने प्रकल्प इथे संपला होता. पण जगाचे लक्ष उजव्या गालाकडे नुकतेच जात होते.

सुरुवात जेवणाच्या हॉलमध्ये झाली. तिच्या डावीकडे बसणाऱ्या मुली हळूच विचारत, "काय गं, बरी आहेस ना?" उजवीकडे बसणाऱ्या विचारत, "काय लावतेस गं?" चार दिवसांत डावीकडचे बाक ओस पडले आणि उजवीकडे एकमेकींच्या मांडीवर बसण्याची वेळ आली. आईने व्हिडिओ कॉलवर तिला पाहिले आणि म्हणाली, "बाळा, जरा उजवीकडून बोल. हं, आता कशी माझी लेक दिसतेस." पुढची वीस मिनिटे मायलेकींनी एका कानावर भागवली.

"काय लावतेस?" या प्रश्नाला मोजपट्टी खरे तेच उत्तर देत होती. "काही नाही."

हे उत्तर कुणाला पटले असते तर नवल. वसतिगृहात पाहणी केली असती, तर मते अशी निघाली असती: ती परदेशी क्रीम लावते, शेकडा चाळीस. ती मावशीकडून काहीतरी मागवते, शेकडा पंचवीस. (तिला मावशी नव्हती.) तिचा उजवा गाल जन्मतःच तसा आहे, शेकडा पंधरा. ती आतल्या गाठीची आहे, शेकडा शंभर. 'काही नाही' हे तिचे म्हणणे खरे असेल असे मानणारी एकच व्यक्ती सापडली. ती त्याच दिवशी राहायला आली होती, आणि संध्याकाळपर्यंत तिलाही शहाणपण आले.

हे सगळे मोजपट्टीने हसण्यावारी नेले. पण मग माईकनेच विचारले.

वार्षिक संमेलन बारा दिवसांवर आले होते. व्यासपीठ, दोन मोठे दिवे, समोर सातशे माणसे आणि माईकचे सूत्रसंचालन. अकरा उत्पादने पूर्ण क्षमतेने सोसलेला माईकचा चेहरा तोवर अशा अवस्थेला पोचला होता की ती आरशाकडे पाठ करून केस विंचरत असे. त्या संध्याकाळी तिने दार लावून घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली.

"मला तरी सांग. मी कुणाला नाही सांगणार."

"अगं, खरंच काही नाही लावत. तूच रोज सही करतेस ना?"

"मी सकाळी सही करते. नंतर दिवसभर तू काय करतेस, मला काय माहीत?"

"बेचाळीस दिवस तुझ्या डोळ्यांसमोर..."

"तेच तर म्हणतेय मी," माईक म्हणाली. "तीन वर्षं एका खोलीत राहिलो, आणि तू माझ्या डोळ्यांदेखत मला ताकास तूर लागू दिली नाहीस."

तिने वही उघडली, स्वतःच्या बेचाळीस सह्यांवर नजर फिरवली, आणि आपली फसवणूक करून त्या घेतल्या गेल्या असे तोंडी निवेदन दिले. त्यानंतर ती मोजपट्टीशी बोलेनाशी झाली. जे काही सांगायचे ते डॉक्टरीणबाईंमार्फत. "तिला सांग, खिडकी लाव." "तिला सांग, लावली." डॉक्टरीणबाई मधल्या खाटेवर बसून दोन्हीकडचे निरोप पोचवत, आणि भुवयांमुळे प्रत्येक निरोपाचे त्यांना नवल वाटते आहे असे दिसे.

खोलीत शांतता पसरली. मोजपट्टीने ती मोजली. एका दिवसात अठरा वाक्ये, पूर्वी सरासरी नऊशे. तिसऱ्या दिवशी तिला रडू आले. ते दोन्ही गालांवरून ओघळले, आणि कुठल्या बाजूने किती, हे मोजायचेही तिच्या मनात आले नाही. वहीतले एकूण एक आकडे तिच्या बाजूने होते, आणि मैत्रीण समोरच्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

चौथ्या दिवशी दुपारी खोलीत कुणी नसताना तिने सीरमची रिकामी बाटली घेतली, ती काचेची, थेंब पाडायची नळी असलेली. सात वेळा धुतली. तिसऱ्या मजल्यावरच्या नळाचे पाणी भरले. कागदाच्या चिठ्ठीवर बारीक अक्षरांत सूचना लिहिल्या आणि गोंदाने चिकटवल्या. 'सकाळ-संध्याकाळ तीन थेंब. सोबत इतर काहीही लावल्यास गुण येणार नाही. मुरूम फोडू नयेत, हात लावू नये, टॉर्च मारू नये. वेळेवर झोपावे. फरक न वाटल्यास मात्रा वाढवू नये.'

मग तिने ती माईकच्या उशीवर ठेवली, आणि माईक येऊन खाटेवर बसताच म्हणाली, "घे. हेच लावत होते."

माईकने बाटली उजेडात धरली. आतले द्रव्य रंगहीन, गंधहीन आणि पातळ होते, म्हणजे भारीतले असणार. तिने उठून मोजपट्टीला इतकी घट्ट मिठी मारली की तिचा चष्मा वाकडा झाला. "मला माहीत होतं," ती म्हणाली, आणि तळमजल्यावरून कुणीतरी विचारले, "काय माहीत होतं?" खोली पूर्ववत झाली. त्या दिवशीची वाक्यसंख्या अकराशे भरली.

उपचार सुरू झाला. दुसऱ्या दिवशी माईकने कळवले की थोडे झोंबते आहे. डॉक्टरीणबाईंनी चौथ्या कलमाकडे बोट दाखवले. तिसऱ्या दिवशी तिला त्वचा आतून ओढल्यासारखी वाटली. पाचव्या दिवशी लाली उतरली. आठव्या दिवशी ती आरशाकडे तोंड करून केस विंचरू लागली, आणि दोरीवरच्या पुड्या काढून टाकल्यामुळे खोलीतल्या कपड्यांनाही वाळायला जागा मिळाली. संमेलनात दोन मोठ्या दिव्यांखाली ती अशी काही झळकली की पाहुणे भाषणात दोनदा अडखळले.

मोजपट्टी तिसऱ्या रांगेत बसली होती, आणि आनंदाने तिचा ऊर भरून आला होता. तो आनंद समारोपापर्यंत टिकला. समारोपात माईकने सर्वांचे आभार मानले, आणि शेवटी म्हणाली, "आणि माझ्या चेहऱ्यासाठी माझ्या मैत्रिणीचे आभार. तिच्याकडे एक औषध आहे." तिला ध्वनिक्षेपकाची गरज नव्हती, पण तो चालू होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारासमोर त्रेचाळीस मुली उभ्या होत्या. प्रत्येकीच्या हातात रिकामी बाटली. रांग जिन्यावरून खाली गेली होती, आणि रांगेत उभे राहणाऱ्यांची व्यवस्था डॉक्टरीणबाई पाहत होत्या. (तोंडे धुऊन या. मागून कुणी घुसायचं नाही.) माईक दारात उभी राहून सर्वांना समजावत होती.

"सगळ्यांना मिळेल. माझी मैत्रीण तशी नाहीये. सुरुवातीला मीच तिच्यावर संशय घेतला. पण तीन वर्षांत ती माझ्याशी एकदाही खोटं बोललेली नाही."

एवढे एक वाक्य तिने बोलायला नको होते. मोजपट्टी वही घेऊन दारात आली. माईक आता पुन्हा कधी बोलणार नाही, हे तिने मनाशी धरले होते.

"ते पाणी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"बाटलीत पाणी आहे. साधं, नळाचं. मी उजव्या गालाला खरंच काही लावत नव्हते. तू बोलेनाशी झालीस, मला सहन होईना, म्हणून पाणी भरलं आणि तुला फसवलं. तुझा चेहरा बरा झाला, कारण तू त्याच्यावर काहीबाही थापणं बंद केलंस. हे बघ, वहीत आहे. तुझीच सही आहे."

माईक गप्प झाली. असे पूर्वी कधीच घडले नसल्यामुळे रेक्टरबाई काय बिघडले ते पाहायला खोलीबाहेर आल्या. रांगेतल्या मुली एकमेकींकडे बघू लागल्या. माईकने बाटली पाहिली, वही पाहिली, मग मोजपट्टीच्या उजव्या गालाकडे बराच वेळ पाहिले. तिचे डोळे भरून आले.

"पाणी?" ती म्हणाली.

"पाणी."

"कुठल्या नळाचं?"

मोजपट्टी खरे बोलायचे ठरवूनच बाहेर आली होती. "तिसऱ्या मजल्यावरच्या," ती म्हणाली.

"बघ," माईक म्हणाली आणि तिने तिला पोटाशी धरले. "हे आधी सांगितलं असतंस, तर एवढं झालं असतं का?"

तोवर रांग वळून जिना चढू लागली होती.

पुढच्या घटना कार्यालयीन कागदपत्रांत उपलब्ध आहेत. रेक्टरबाईंनी सूचना लावली की तिसऱ्या मजल्यावरील नळ सर्वांचा आहे, प्रत्येकीस दोन मिनिटे मिळतील, बादली भरून नेऊ नये, आणि सकाळी सहा ते सव्वासहा नळ देखभालीसाठी बंद राहील. (त्या पाव तासात नळाशेजारच्या खुंटीवर रेक्टरबाईंचा टॉवेल असे.) नळदुरुस्तीवाल्याने येऊन सांगितले की इमारतीतल्या सगळ्या नळांना एकाच टाकीतून पाणी येते. त्याला दुसऱ्या मजल्यावरच्यांनी फितवले होते, हे उघड दिसत होते. डॉक्टरीणबाईंनी उंचीचा सिद्धान्त मांडला. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने आठवड्याच्या आत नवी पुडी टांगली: 'नळाच्या पाण्यासोबत वापरण्यासाठी'. एवढे मात्र खरे की वसतिगृहातल्या मुरुमांची सरासरी माणशी अकरावरून दोनवर आली. दिवसातून दोनदा रांगेत उभे राहिल्यावर दुसरे काही लावायला कुणाकडे वेळच उरला नव्हता.

मोजपट्टीने प्रकल्प सादर केला. सरांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि शेरा लिहिला: 'काम चांगले. निष्कर्ष अपुरा. नळाचा उल्लेख हवा होता.'

आणि परवाचीच गोष्ट. दुसऱ्या मजल्यावरचे बेसिन आता दिवसभर मोकळे असते. मोजपट्टी टॉवेल घेऊन खोलीबाहेर आली, बेसिनपाशी गेली, नळ सोडला, बंद केला, आणि जिन्याकडे वळली. वर जायला बावीस पायऱ्या आहेत. तेवढाच व्यायाम, असे तिने वहीत नोंदवले आहे.

आता प्रश्न राहिला वाचकांचा. ही हकिकत वाचणाऱ्या शंभरांपैकी सत्तर जणांनी आतापर्यंत एकदा तरी स्वतःच्या गालावरून हात फिरवला आहे. (डाव्या की उजव्या, ते ज्याचे त्याने पाहावे.) उरलेले तीस सुज्ञ आहेत. या मुलींच्या भाबडेपणाला ते मनसोक्त हसले, आणि आता त्यांना फक्त एवढेच विचारायचे आहे, की पाणी उकळून गार केलेले घ्यायचे, की तसेच.

तसेच. तीन थेंब. झोंबले तर घाबरू नये.